जंगलाला दुबार पेरणी नसते

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर एका शेतकऱ्याचे छायाचित्र होते. तळहातावर मूठभर माती, मातीत मोड येऊन तिथेच वाळून गेलेले सोयाबीनचे पाच-सहा दाणे, आणि खाली ‘दुबार पेरणीचे संकट’ ही ओळ. बातमीत बियाण्याचा खर्च होता, पीकविम्याचा प्रश्न होता, कृषी विभागाचे आवाहन होते, आणि ते सारे रास्तच होते. परंतु जो पाऊस त्या शेतावर पडला आणि नंतर बारा-पंधरा दिवस फिरकला नाही, तोच पाऊस त्या शेताच्या धुऱ्यापलीकडच्या जंगलावरही पडला होता आणि तिथूनही तसाच निघून गेला होता. त्या जंगलात त्या दिवसांत काय वाळले, याची बातमी आली नाही. येणार तरी कशी? तिथे पेरणी कोणी केलेली नसते, त्यामुळे नुकसानीचा पंचनामा होत नाही आणि तहसील कचेरीत अर्ज घेऊन कोणी उभेही राहत नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आमचे मूळ गाव रामटेकच्या पुढे, देवलापारच्या बाजूला, जंगलाला लागून आहे. निवृत्तीनंतर दर पावसाळ्यात तिथे जाऊन एका ठरलेल्या ओढ्याकाठच्या झाडांखाली किती नवी रोपे उगवली आणि त्यांतली दिवाळीला किती उरली, हे एका वहीत लिहून ठेवण्याचा छंद मला जडला. ही वही म्हणजे शास्त्रीय अभ्यास नव्हे आणि तिच्यातले आकडे मी इथे पुढे करणार नाही. एका ओढ्यावरून साऱ्या विदर्भाच्या जंगलाचा निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण मी स्वतःच कापले असते. मात्र त्या वहीमुळे माझे लक्ष जिथे खिळले, त्या गोष्टीसाठी हे पत्र आहे. हवामान बदलाची चर्चा आपण उष्माघात, पूर आणि पिकांचे नुकसान यांपाशी थांबवतो. जंगलाला मात्र तो झाडांच्या शेंड्याकडून नव्हे, तर जमिनीकडून, बी रुजण्याच्या पंधरा-वीस दिवसांत गाठतो, आणि त्या दिवसांकडे पाहणारी कोणतीही व्यवस्था आपल्याकडे उभी नाही.

आपले कोरडे पानगळीचे जंगल दरवर्षी धूळपेरणीच, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी, करते, असे म्हटले तर शेतकऱ्यांना ते लगेच उमजेल. नागपूर, भंडारा, चंद्रपूर या पट्ट्यातील बरेचसे वृक्ष ऐन उन्हाळ्यात, जमीन भाजून निघालेली असताना बी खाली टाकतात, आणि ते बी पहिल्या पावसाची वाट पाहत पाचोळ्यात पडून राहते. होळीला फुललेल्या पळसाच्या शेंगा मे महिन्याच्या सुमारास पिकतात. ही शेंग एकदा हातात घेऊन पाहावी. ती बोटाहून लांब, चपटी आणि कागदासारखी हलकी असते, आणि संबंध शेंगेत बी एकच असते, तेही अगदी टोकाला. त्यामुळे दुपारच्या झळांवर ती भिरभिरत आईच्या सावलीपासून बरीच दूर जाऊन पडते. आतले बी तांबूस तपकिरी, चपटे, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे. चार (म्हणजे चारोळीचे झाड) आणि तेंदू यांची फळे एप्रिल-मे मध्ये पिकू लागतात, कुसुम, कडुनिंब आणि मोह यांची त्यामागोमाग, जून-जुलैमध्ये. बी फार आधी पडले तर उंदीर, किडे आणि ऊन त्याला खातात, फार उशिरा पडले तर रोपट्याला पुढचा उन्हाळा सोसण्याइतके मूळ खोल नेण्यास दिवस पुरत नाहीत. या दोन्हींच्या मधला जो अरुंद काळ, तो या झाडांनी हजारो पिढ्यांच्या हिशेबाने नेमका धरलेला आहे, आणि तो हिशेब मृग-आर्द्रेच्या पावसाशी बांधलेला आहे.

आता बियात काय घडते ते पाहू. कोरडे बी पाणी शोषून फुगते, आतली श्वसनक्रिया वेग घेते, साठवलेले अन्न विरघळू लागते आणि शेवटी कवच फाडून आदिमूळ बाहेर येते. बहुतेक बियांना मूळ बाहेर पडण्याआधीपर्यंत माघारीची वाट मोकळी असते, म्हणजे ती थोडी भिजून पुन्हा वाळली तरी पुढच्या पावसात उगवू शकतात. मूळ एकदा बाहेर आले की ती वाट बंद होते. त्यानंतर वाळणे सोसण्याची बियाची शक्ती जवळजवळ संपलेली असते, आणि वरच्या दोन बोटे मातीतला ओलावा आटण्यापूर्वी त्या मुळाने खालची ओल गाठली नाही, तर सारा खेळ तिथेच संपतो. शेतकऱ्याला कृषी विभाग दरवर्षी सांगतो की साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरणीची घाई करू नये. जंगलातल्या बियाला असा सल्ला देणारे कोणी नाही. त्याचे कवच हाच त्याचा सल्लागार, आणि तो सल्लागार जुन्या पावसाच्या अनुभवावर बोलतो.

२०२३ हे वर्ष या दृष्टीने आठवून पाहावे, कारण त्या एका वर्षात बहुतेक सगळे नमुने पाहायला मिळाले. त्या वर्षी एप्रिल आणि मेच्या सुरुवातीला विदर्भात वारंवार अवकाळी पाऊस झाला. आपण नागपूरकर त्या गारव्यावर खूश होतो आणि कूलर उशिरा काढले म्हणून एकमेकांना सांगत होतो. जमिनीवर पडलेल्या बियाला मात्र हा पाऊस अवकाळी आहे हे ओळखण्याचे साधन नसते. पुरेशी ओल आणि ऊब मिळाली की पातळ कवचाचे बी पुढचे पाऊल टाकते, आणि मग मेचे उरलेले ऊन त्याची वाट पाहत असते. पुढे अरबी समुद्रात ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ उठले, मोसमी वारे रखडले आणि विदर्भात पावसाळा जूनच्या चौथ्या आठवड्यात दाखल झाला. जुलै बरा गेला. त्यानंतरचा ऑगस्ट देशभराचा विचार करता १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, पावसाची तूट सरासरीच्या सुमारे ३६ टक्के होती. आणि २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि घरांत पाणी शिरले. शहराला त्या वर्षाची आठवण फक्त त्या पुराच्या रात्रीमुळे आहे. जुलैत उगवलेल्या मोहाच्या रोपट्यासाठी मात्र ऑगस्ट हाच प्रश्नपत्रिकेचा अवघड भाग होता.

एका वर्षावरून कोणी हवामान बदल सिद्ध करू नये, हे मला मान्य आहे. म्हणून दीर्घकाळाचे आकडे पाहू. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारतीय प्रदेशातील हवामान बदलाचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यानुसार १९५१ ते १९८० या काळाच्या तुलनेत १९८१ ते २०११ या काळात मोसमी पावसातील कोरडे खंड २७ टक्क्यांनी वाढलेले आढळले, आणि दुसऱ्या बाजूला मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मांडले होते की मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना त्याच ६५ वर्षांत तिपटीने वाढल्या. हवामान खात्याच्या भाषेत वर्षाची सरासरी ‘सामान्य’ राहू शकते. बियाला सरासरी कळत नाही, त्याला दोन पावसांमधली उघडीप कळते. उघडीप आठ दिवसांची असेल तर मूळ तरते, अठरा दिवसांची असेल तर मरते, आणि पुढे सप्टेंबरमध्ये आकाश फाटून पाऊस पडला तरी ते मूळ परत येत नाही. जोराच्या पावसाचा उलटा त्रासही आहे: उतारावरची पातळ माती आणि तिच्यातले बी वाहून नाल्यात जाते, आणि सालईच्या मुरमाड टेकड्यांवर मुळात माती असते ती वीतभर.

सगळी बिये सारखी नसतात, आणि माझ्या मते खरी चिंता इथेच आहे. मोहाचे बी तेलाने भरलेले, गुळगुळीत, पातळ सालीचे असते. ते वाळवून वर्षभर डब्यात ठेवावे आणि पुढच्या जूनमध्ये पेरावे असे करता येत नाही, कारण वाळले की ते मरते. झाडावरून पडल्यापासून थोड्याच आठवड्यांत त्याला जमीन ओली मिळालीच पाहिजे. आपल्या नागपूर पट्ट्यात सालवृक्ष नाही, पण बालाघाट-मंडल्याकडे तो आहे आणि त्याचे बी तर आठवडाभरच जिवंत राहते. आंबा, जांभूळ, फणस याच जातकुळीचे. कडुनिंबाची निंबोळी यांच्यापेक्षा थोडी अधिक टिकते, पण तिचीही मुदत महिन्यांचीच. या झाडांनी आपला सगळा डाव ‘पाऊस वेळेवर येईल आणि लागून राहील’ या एका भरवशावर लावलेला आहे.

दुसऱ्या टोकाला साग. सागाचे फळ फुग्यासारख्या कागदी वेष्टनात असते. ते वेष्टन चोळून काढले की बोराच्या आठळीएवढी, लवदार, फिकट तपकिरी गोळी हाती येते. तिची लव खरवडून काढून मी वर्गात मुलांना ती फोडायला देत असे. अडकित्ता लागायचा. आत दगडासारख्या आठळीत चार कप्पे असतात आणि चारही कप्पे भरलेले क्वचितच सापडतात, बहुतेक गोळ्यांत एक किंवा दोनच बिया. हे फळ हिवाळ्यापासून खाली पडते, उन्हाळा अंगावर घेते, भिजते, वाळते, पुन्हा भिजते, आणि तरीही त्यातले काही यंदा, काही पुढच्या वर्षी, तर काही त्याच्याही पुढच्या वर्षी उगवते. रोपवाटिकेत म्हणूनच सागाची फळे रात्री भिजवून दिवसा उन्हात वाळवण्याचा क्रम दोन-दोन आठवडे चालवतात. शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर हे अगदी रद्दड बियाणे, उगवण निम्मीही नाही आणि तीही एकसारखी नाही. जंगलाच्या नजरेने पाहिले तर तो शहाणपणा आहे: सगळे बी एका पावसावर उधळायचे नाही. बहावा, बाभूळ यांच्या बियांचे टणक कवचही असेच पाणी आत जाऊ देत नाही. ते उन्हाच्या चढउताराने, गुराच्या पोटातून गेल्याने किंवा, बहाव्याच्या बाबतीत, अस्वलाच्या पोटातून गेल्याने हळूहळू सैल होते.

पाऊस असाच लहरी होत गेला तर मोह, जांभूळ यांसारख्या एका पावसाच्या भरवशाच्या झाडांची नवी पिढी मागे पडेल आणि कठीण कवचाची, सबुरीची झाडे टिकतील, असा माझा अंदाज आहे. टिकणाऱ्यांत सागाबरोबर तरोटा, रानतुळस आणि रायमुनिया (घाणेरी) ही तणेही असतील, कारण पहिल्या सरीला तळमजला व्यापून बसण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. जंगल नाहीसे होणार नाही. नकाशावर ते हिरवेच दिसेल, फक्त त्यातून मोहाचे फूल वेचणाऱ्या घराला आणि त्याचे फळ खाणाऱ्या वटवाघळाला जे मिळत होते ते मिळणार नाही.

उन्हाविषयी थोडे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली. (३० मे २०२४ रोजी शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर आपली चर्चा झाली, तो संवेदकाचा बिघाड असल्याचे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले, पण काही नातेवाइकांचा त्यावर अजून विश्वास बसलेला नाही.) हे सारे आकडे जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवरच्या, सावलीतल्या हवेचे. उघड्या मुरमाचा पृष्ठभाग त्या दिवसांत त्याहून कितीतरी अधिक तापतो, आणि बी असते ते तिथेच. बियांच्या साठवणीचा एक जुना ढोबळ नियम असा आहे की तापमान ५ अंशांनी उतरवले की कोरड्या बियाचे आयुष्य साधारण दुप्पट होते. तोच नियम उलटा वाचला की नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, उघड्यावर पडलेल्या बियाचे काय होत असेल ते कळते. अशा वेळी पाचोळ्याचा चार बोटांचा थर हे बियाचे घर असते. तो थर ऊन अडवतो आणि पहिल्या पावसानंतरची ओल चार-दोन दिवस अधिक धरून ठेवतो. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून लावलेली आग आणि कुठे निव्वळ विडीचे थोटूक, यांमुळे फेब्रुवारी ते जून या काळात हा थरच राख होतो. वणव्याने सागासारख्या कठीण बियांना उगवायला मदत होते असे सांगितले जाते आणि त्यात तथ्य आहे. पातळ सालीच्या बियांसाठी आणि गेल्या वर्षीच्या कोवळ्या रोपांसाठी मात्र तो शेवटच असतो.

इथे कोणी विचारील की परिस्थिती इतकी बिकट असेल तर पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडल्याचे जंगल आजही भरलेले कसे दिसते. त्याचे उत्तर जमिनीखाली आहे. आपल्या कोरड्या जंगलातल्या ऐन, बिजा, तेंदू अशा झाडांची रोपे पहिल्या काही वर्षांत दर उन्हाळ्यात वरून मरतात. वाळलेली काडी तेवढी दिसते, खाली मूळ मात्र जिवंत राहते आणि दर पावसाळ्यात थोडे जाड होत जाते. असे कित्येक वर्षे वरून मरत आणि खालून जगत, एके वर्षी ते मूळ इतके बळ साठवते की त्याचा कोंब उन्हाळा ओलांडतो आणि मग झाड वर येते. तेंदू आणि सालई तर मुळांवरच्या धुमाऱ्यांतूनही वाढतात. आज जे कोवळे झाड आपल्याला दिसते, त्याचे बी बहुधा बऱ्याच वर्षांपूर्वीच्या पावसात रुजलेले असते. म्हणजे जंगल जुन्या ठेवीवर चालले आहे. नवी ठेव किती पडते याची चौकशी आपण केलेली नाही. भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांनी देशाच्या वनाच्छादनाचा अहवाल काढते, त्यातला राज्याचा आकडा वाढला की घटला यावर आपल्या दैनिकांत मथळे येतात. पण उपग्रहाला वरून झाडांचे छत्र दिसते, त्या छत्राखाली यंदा मोहाची किती रोपे जगली हे दिसणे त्याला शक्य नाही. ते पाहायला कोणीतरी वाकून बसावे लागते.

वृक्षलागवडीने ही तूट भरून निघेल असे मानणाऱ्यांपैकी मीही एकेकाळी होतो, म्हणून माझीच एक चूक सांगतो. एका वर्षी मी शाळकरी मुलांना उन्हाळाभर जांभळाच्या बिया जमवायला सांगितल्या. मुलांनी त्या आणल्या, धुतल्या, आणि माझ्याच सूचनेनुसार गच्चीवर कडक उन्हात आठ दिवस वाळवून पिशवीत भरल्या. पावसाळ्यात त्यांचे मातीचे गोळे करून आम्ही टेकडीवर टाकले. एकही उगवले नाही. जांभळाचे बी वाळवणे म्हणजे ते मारणे, हे मी अकरावीला शिकवत होतो आणि तरीही शेंगदाण्यासारखे वाळवत बसलो होतो. आज ठिकठिकाणी उत्साहाने बीजगोळे टाकले जातात, त्यांत आंबा आणि जांभूळ असेच वाळवलेले असतात, बहावा आणि चिंच कवच न खरवडता तसेच घातलेले असतात, आणि गोळे टाकण्याचा दिवस प्रमुख पाहुण्यांच्या सवडीने ठरतो. मेळाव्याच्या छायाचित्रांत उगवण टक्केवारी दिसत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

लागवडीचेही तसेच. राज्यात २०१६ साली १ जुलै रोजी २ कोटी रोपांची मोहीम झाली, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटींचे उद्दिष्ट ठरले. हेतूवर मला शंका नाही. पण १ जुलै ही तारीख आहे, वापसा (पेरणीजोगी ओल) नव्हे. कोणत्याही शेतकऱ्याला ‘तारीख आली, पेर’ असे सांगितले तर तो हसेल. माझ्या माहितीतल्या एका लागवडीत, नाव घेण्यात अर्थ नाही, रोपे ठरल्या दिवशी कोरड्या खड्ड्यांत लागली, नंतर पावसाने दडी मारली आणि टँकर आला तोवर खड्ड्यांत काड्या उभ्या होत्या. त्याच शिवारात पलीकडे एका म्हाताऱ्या मोहाखाली, कोणीही काहीही न करता, पाचोळ्याच्या सावलीत चार-सहा रोपे हिरवी होती. ती मोजली गेली नाहीत, कारण ती कोणाच्या उद्दिष्टात नव्हती.

काय करता येईल, याविषयी माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. राज्याच्या वनविभागाचे मुख्यालय नागपुरात, वनविकास महामंडळाचे मुख्यालय नागपुरात, ‘निरी’ ही पर्यावरण अभियांत्रिकी संशोधनाची राष्ट्रीय संस्था इथे, प्रादेशिक हवामान केंद्र इथे, मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था इथे आणि कृषी महाविद्यालयही इथेच. बी कसे रुजते याचा अभ्यास करण्यासाठी याहून सोयीचे शहर देशात शोधावे लागेल. प्रत्येक वनपरिक्षेत्रात काही ठरावीक चौरस आखून त्यांतील रोपे जुलैअखेर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा मोजावीत, त्याशेजारी पावसाच्या खंडांची नोंद ठेवावी आणि हे काम वनविभागाच्या दहा वर्षांच्या कार्य आयोजनेपुरते (व्यवस्थापन आराखड्यापुरते) न ठेवता दरवर्षी करावे. काशी हिंदू विद्यापीठातील वनस्पतीशास्त्रज्ञांनी विंध्याच्या कोरड्या जंगलांत बी आणि रोपांवर वर्षानुवर्षे काम केले आहे. तसे सातत्य सातपुड्याच्या या बाजूला अशक्य नाही. शेतकऱ्यांसाठी हवामान खाते आणि कृषी विद्यापीठे आठवड्यातून दोनदा कृषी सल्ला देतात, त्यातलीच माहिती वापरून लागवडीचा दिवस ठरवण्याची मुभा वनरक्षकाला द्यावी. रोपवाटिकेसाठी बी एकाच देखण्या झाडाखालून न गोळा करता, कोरड्या टेकडीवरच्या आणि ओढ्याकाठच्या अशा वेगवेगळ्या झाडांचे घ्यावे, कारण ताण सोसणारे बी बहुधा टेकडीवरच्या खुरट्या झाडाचे निघेल. आणि मोहाचे बी डब्यात साठवण्याऐवजी ते पडल्याच्या आठवड्यातच पिशवीत लावावे. पिशवीतल्या रोपाला उघडिपीत झारीने पाणी घालता येते.

पाचोळा आणि फळे यांचा प्रश्न मात्र आदेशाने सुटणारा नाही, तो ग्रामसभांनीच सुटेल. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणे थांबवण्याचा निर्णय घेतला, कारण पत्त्यासाठी होणारी छाटणी आणि आग त्यांना परवडत नव्हती आणि तेंदूची फळे माणसांना व पाखरांना हवी होती. उत्पन्न सोडून असा निर्णय घेणे सोपे नाही, आणि शहरात बसून मी तो इतर गावांना सुचवणे त्याहून सोपे असल्याने मी तो सुचवत नाही. मोहाखाली पाचोळा जाळण्याऐवजी जाळी किंवा जुन्या साड्या अंथरून फुले गोळा करण्याचा मार्ग आहे. फुले स्वच्छ मिळतात, भावही बरा येतो. जाळ्या पुरवण्याचा खर्च एका लागवड मोहिमेच्या मंडप-खर्चाहून फार होणार नाही. चाराची फळे कच्ची असतानाच, फांद्यांसकट ओरबाडली जातात, तिथेही प्रत्येक रानात चार-दोन झाडे बियांसाठी राखून ठेवणे गावाला शक्य आहे.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. मोहाचे बी अजून दोन-तीन आठवडे पडत राहील. या काळात आपल्या वार्ताहराने आणि छायाचित्रकाराने एकदा देवलापारच्या बाजूला यावे. ओढा आणि झाडे मी दाखवीन, वहीही दाखवीन. उघडीप लांबली तर सोयाबीनच्या छायाचित्रासारखेच छायाचित्र तिथे मिळेल, फक्त ते घेण्यासाठी छायाचित्रकाराला पाचोळ्यात गुडघे टेकून बसावे लागेल आणि मातीत पाय ठेवताना जरा जपावे लागेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक,
नागपूर